काळुरामने विकलेला तुकडा

कोपर गावाच्या खाली खाडी. खाडीला बांध. बांधाच्या आत भात.

बांधाचे अकरा तुकडे. ज्याचं शेत समोर, त्याचा तुकडा. उधाणाच्या दिवशी अकरा घरांतली अकरा माणसं आपापल्या तुकड्यावर उभी राहत आणि पाणी उतरेपर्यंत खाली येत नसत.

दुसऱ्याच्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही. मातीची एक पाटीसुद्धा टाकायची नाही. टाकली म्हणजे त्याच्या जमिनीवर हक्क सांगितला. भिवाच्या बापाने एकदा टाकली होती. त्याचं डोकं फुटलं ते इथेच.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. खरेदीखतातही नाही.

*

१९५५, कोजागिरीचा आदला दिवस.

पहिला तुकडा विकला. दुसरा विकला. तिसरा राघोचा, आहे. चौथा, पाचवा, सहावा विकले. विकलं तिथे भाताच्या जागी घरांसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघा. सातवा आहे. आठवा आहे. नववा विकला. दहावा काळुरामचा, पावसाच्या तोंडावर विकला.

अकरावा ठमाबाईचा. तिचं शेत सगळ्यांत खालचं. पाणी कुठूनही शिरो, तिच्याकडे येऊन साचणार. भात पिवळा झालेला, आठवड्यात कापणी. खारं पाणी एकदा बसलं की तीन वर्षं काही पिकत नाही, आणि विधवेला दुसरं शेत नव्हतं.

*

"काळुराम, उद्या उधान हाय. तुज्या तुकड्यावर कोन?"

काळुराम तिचा दीर. अंगणात नव्या खुर्चीवर बसला होता.

"माजा कुटचा तुकडा, वयनी? जमीन गेली तवा उधान पन गेलं. त्या गद्र्याला सांग."

"त्याला ठाव हाय का?"

"चष्मा लावतो तो. त्याला नसंल ठाव तर कुनाला असंल?"

*

गद्रे मुंबईला कचेरीत हेडक्लार्क. विकलेल्या जमिनीवर घरं बांधणाऱ्या सोसायटीचे सभासद; दहावा तुकडा त्यांनी घेतलेला. डोंबिवली स्टेशनाजवळ भाड्याच्या खोलीत राहत. दारातच ठमाबाई म्हणाली, "उद्या दुपारी बांधावर ये. तुजा तुकडा हाय."

परक्या बाईने अरे-तुरे केल्याचं गद्र्यांना हसू आलं. "येणारच आहोत हो. कोजागिरीचं दूध तिथेच आटवायचं ठरलंय."

"दुपारीच ये."

"हद्दीबद्दल काही तक्रार असेल तर सोसायटीला लिहून द्या."

"मना लिवता येत नाय."

"मग मी मांडतो विषय," गद्रे म्हणाले. त्यांची बायको सरोज हळूच म्हणाली, "काळुराम सांगत होता ना, ही माणसं विकलेली जमीनसुद्धा सोडत नाहीत म्हणून?"

ठमाबाई तोवर जिना उतरली होती. येतो म्हणाला, एवढं तिला पुरेसं होतं.

*

सोसायटीची सभा, त्याच संध्याकाळी. विषय ४. बांधावर सभासदांनी उभे राहावे अशी एका स्थानिक बाईची तोंडी मागणी. ठराव: पुढील सभेत विचार व्हावा.

*

दुपार. ऊन. वारा नाही. अकरा तुकडे, चार माणसं.

पाणी आवाज न करता चढत होतं. दहाव्या तुकड्याच्या आतल्या अंगाला, खेकड्याच्या बिळातून, करंगळीएवढी धार.

ठमाबाईने गावाच्या वाटेकडे पाहिलं. कुणी नाही.

"काळुराम!"

वर अंगणात काळुराम खुर्चीवरून उठला. बांधाकडे पाहिलं. पुन्हा बसला. त्याचाही पाय आता तिथे चालणार नव्हता.

धार अंगठ्याएवढी.

ती दहाव्या तुकड्यावर गेली आणि बिळात टाच रोवली. धार थांबली. पलीकडच्या तिघांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवायला माना वळवल्या. टाचेखाली माती हलत होती, आत काहीतरी श्वास घेत असल्यासारखी.

मग गद्रे आले. हातात रात्रीसाठी आणलेली गॅसबत्ती, मागे सरोज, तिच्याकडे दुधाचं पातेलं.

"अहो बाई! आमच्या हद्दीत काय करताय?"

ठमाबाईचा चेहरा उजळला. "आलास? ये. पाय दे हितं."

"आधी तुम्ही बाहेर व्हा. मग बोलू."

मालक आला की जागा सोडायची. मालकाने सांगितल्यावर तर क्षणभरही थांबायचं नाही. तिने टाच उचलली आणि आपल्या अकराव्या तुकड्यावर जाऊन उभी राहिली.

"ठेव पाय! लवकर!"

"कुठे?" गद्र्यांनी खाली पाहिलं. बिळातून काळं पाणी उसळलं. ते बुटांवर येऊ नये म्हणून ते दोन पावलं मागे सरले.

मनगटाएवढी.

"बाई, तुम्हीच काहीतरी करा!" सरोज ओरडली.

ठमाबाई धावली. पण पाय ठेवायला दहावा तुकडा उरला नव्हता. मधला भाग बसला आणि खाडी आत वळली. चुन्याच्या रेघा गेल्या. पिवळा भात आधी वाकला, मग दिसेनासा झाला.

फुटलेल्या बांधाच्या एका बाजूला ती. दुसऱ्या बाजूला गद्रे, हातात गॅसबत्ती तशीच. ते ओरडून विचारत होते, "आता ओसरेल ना हे?"

भरती पुरी व्हायला अजून पाऊण तास होता.