बाथटबात पुसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी, खरखरणारी तबकडी आहे. माझं नाव विचारू नका. ते माझ्या मालकानेच पुसलं.

तापलेल्या साच्यात काळा गोळा दाबून मला घडवलं. पण पोटात काय भरलं होतं म्हणून सांगू! न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आमच्याच कृष्णवर्णीय वस्तीतल्या पोरांचं रॅप, आणि त्याखाली विजेच्या गिटारचा दणका. असं कडबोळं तोवर कुणी फारसं ऐकलं नव्हतं. माझा मालक थॅडियस बागेत लोकांना नाचवायला तबकड्या वाजवायचा. त्याने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकदमच घरी आणलं, कारण गाण्याचा एकच तुकडा न थांबता वाजवत राहायला त्याला सारख्याच दोन तबकड्या लागत.

आणल्या दिवशीच त्याने आम्हाला बाथटबात भिजत घातलं आणि मधला नावाचा कागद खरवडून काढला. त्याची बहीण व्हर्नेटा दारातून ओरडली, "अरे मेल्या, कपडे भिजव म्हटलं की ऐकू येत नाही, आणि तबकड्या धुतोयस?"

"गप गं, व्हर्नी! पलीकडच्या गल्लीतले वाजवणारे माना वाकवून नाव वाचतात. उद्या बागेत तेच वाजवतील."

तेव्हा वाजवणारे बरेच जण असंच करत.

बागेत पहिल्यांदा गिटार दणाणली तेव्हा कुणीतरी टोमणा मारला, "काय रे, गोऱ्यांचं गाणं लावलंस?" मग रॅप सुरू झालं आणि तोच गडी सगळ्यांत आधी नाचू लागला. काय दिवस होते ते! थॅडियस माझ्या गाण्याची सुरुवात सुईखाली बोटाने मागेपुढे घासायचा. वाहवा त्याची व्हायची, झिजायचे मी. त्या जागी आता नुसती खरखर उरली आहे. माझी जुळी बहीण तर कधीच तडकली. पुढे नवी यंत्रं आली आणि आम्हा तबकड्यांच्या पेट्या तळघरात गेल्या. ओल, धूळ, अंधार. खरं सांगते, जीव विटला होता माझा.

गेल्या हिवाळ्यात थॅडियसला पक्षाघात झाला आणि त्याची वाचा गेली. त्याला जुनी आवडती गाणी ऐकवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. व्हर्नेटाने धापा टाकत पेट्या वर आणल्या आणि कपाळाला हात लावला. एकाही तबकडीवर नाव नव्हतं.

"घे, लपव अजून!" ती रडवेली होऊन म्हणाली. "आता तुझं लाडकं गाणं मी शोधू कुठे?"

ती एकेक तबकडी लावत गेली. थॅडियस ढिम्म.

माझी पाळी आली. सुई टेकली आणि खर्रर्र! "ही तर पार कामातून गेली," म्हणत तिने सुईकडे हात नेला. तेवढ्यात थॅडियसचं बोट खुर्चीच्या हातावर हललं. मागे, पुढे. मागे, पुढे. ती खरखर त्याचीच होती, तो कसा विसरेल?

"सुई... सोड, व्हर्नी."

गिटार दणाणली. व्हर्नेटा त्याच्याजवळ बसली आणि तोंडावर हात ठेवून रडली.

तेव्हापासून ती मला रोज लावते. दमते मी, मित्रांनो. प्रत्येक फेरीत आणखी थोडी झिजते. आवडीच्या वस्तू जपा. त्यांची नावं पुसू नका, आणि पुसलीतच तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. माझं खरं नाव व्हर्नेटाला अजूनही ठाऊक नाही. तिने माझ्या मध्यभागी एक नवा कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिलंय, 'थॅडियसची'.