इन्फ्लुएन्शल म्हणजे कोण

धामणगाव रेल्वेजवळच्या त्या गावात गोवराच्या लसीसाठी अठ्ठावीस लेकरं यायची होती. अकरा वाजून गेले तरी एकही आलं नव्हतं. मागच्या खेपेला एकाला ताप चढला, तेव्हापासून आयाबाया बिथरल्या होत्या. सरपंच खुशालरावांनी दोनदा भोंग्यावरून पुकारलं. कोणी हललं नाही.

नर्स पौर्णिमा अंगणवाडीच्या ओट्यावर परीक्षेचं पुस्तक उघडून बसली. राजापेठेतल्या इंग्रजीच्या क्लासचा अभ्यास होता: ‘इन्फ्लुएन्शल’ हे विशेषण वापरून वाक्य करा. तिनं लिहिलं, आमचे सरपंच इन्फ्लुएन्शल आहेत.

“म्हंजे काय व्हय?” खुशालरावांनी विचारलं.

“वजनदार. ज्याच्या शब्दानं दुसऱ्याचं मन बदलतं, असा माणूस.”

खुशालराव खुलले.

तेवढ्यात डोक्यावर टोपलं घेऊन खुर्शीदबी आली. तीस वर्षं ती या गावात बांगड्या भरत होती. “काहून अशी बसली पोरी?” तिनं विचारलं. पौर्णिमानं सगळं सांगितलं. खुर्शीदबी सरळ दुर्गाबाईच्या अंगणात जाऊन बसली. पौर्णिमाही मागोमाग गेली.

बांगड्यांसाठी बाया जमल्या. दुर्गाबाईचा हात दाबत खुर्शीदबी म्हणाली, “दुर्गा, माही पोरगी अनीसा आठवते तुले?”

“आठवते ना वं.”

“तिले गोवर निघाला. म्या सुई देली नव्हती, भेव वाटे. आठ दिवसांत गेली.” तिचा हात थांबला नव्हता. “ताप दोन दिवस राह्यते, दुर्गा. एकवीस वर्सं झाले, तिच्या मापाच्या बांगड्या मी अजून टोपल्यात ठेवत नाई.”

दुर्गाबाई उठली. एक हात भरलेला, दुसरा रिकामा. तशीच तिनं नातवाला उचललं आणि अंगणवाडीकडे निघाली. तिच्यामागे एकेक करत सगळ्याजणी आपापली लेकरं घेऊन निघाल्या.

पौर्णिमा टोचत होती, पण समोर घडतंय ते तिला खरं वाटत नव्हतं. खुशालराव रांग लावत होते. मधेच हळूच म्हणाले, “सिस्टर, त्या वाक्यातलं माह्यं नाव काटून टाका.”

तीन वाजेस्तोवर सत्तावीस झाली. शेवटचं लेकरू खुर्शीदबीच्याच कडेवर आलं. “याची माय वावरात हाय. तिले तिथं जाऊन इचारून आली मी.”

पौर्णिमानं स्टूल पुढे सरकवलं. खुर्शीदबी लेकराला मांडीवर घेऊन बसली, आणि सुई जवळ येताच तिनंच डोळे घट्ट मिटून घेतले.