सूर्याभोवतीचा ढग

सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या विरळ ढगाचा नकाशा तिनं तारांगणात सहा वर्षं खपून केला होता. जवळच्या एकेका ताऱ्याचा प्रकाश तपासायचा आणि वाटेत ढगानं त्यातला किती गिळला ते मांडायचं, असं ते किचकट काम. नकाशाच्या उद्घाटनाला तारांगणाच्या संचालकांनी मात्र तो आपल्या जावयाच्या नावावर खपवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली.

"जावईबापू, आपला सूर्य या ढगाच्या मधोमध आहे की कडेला?"

जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "बाई, हे नंतर बोलू."

"कडेला आहे!" ती कडाडली. "आणि नंतर नाही, आत्ताच बोलायचं!"

तिनं मोजमापांची वही पाहुण्यांसमोर उघडली. संचालकांना नकाशाखालचं नाव तिथंच बदलावं लागलं, पण तिचा राग काही उतरला नाही.