माझ्या अंगावरचे नाव

मी एक जुना भाला आहे. दांडा कधीच गेला, उरले आहे नुसते पाते आणि दांडा बसवायची नळी. पण भाला म्हणवून घ्यायची सवय काही जात नाही. सध्या मी राजधानीतल्या मोठ्या भट्टीजवळ, मोडक्या तलवारींच्या ढिगात पडलो आहे. उद्या दुपारी आमचा ढीग वितळणार. म्हणून मित्रांनो, जे सांगायचे ते आजच सांगतो.

मला घडवले लू ज्यान नावाच्या कारागिराने. मातीच्या साच्यात कांस्य ओतले, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. अकरा दिवस तो माझी धार घासत होता. मग त्याने माझ्या नळीवर छिन्नीने कोरले, ‘लू ज्यानने केला’. ही हौस नव्हती, राज्याचा कायदा होता. हत्यार मोडले तर कोणाला धरायचे ते कळावे म्हणून प्रत्येक कारागिराने आपले नाव कोरायचे. बाकीचे कारागीर भीत भीत, बारीक अक्षरांत नाव घालत. लू ज्यानने माझ्यावर चांगले ठसठशीत घातले. त्याची बायको सू म्हणाली होती की, पोराचे नाव ठेवतानाही एवढा विचार केला नव्हतास.

मी फान शू नावाच्या शिपायाच्या वाट्याला आलो. चार वर्षे लढायांत गेली. मी काय काय केले ते मुलांना सांगण्यासारखे नाही. पण माझ्या धारेची वाखाणणी होई आणि मला ती आवडे, हे खोटे कशाला सांगू?

मग फान शूच्या गावी मंग ताओ नावाचा अधिकारी आला. उत्तरेच्या सरहद्दीवर लांबच लांब भिंत बांधायचे काम चालले होते, त्यावर तो घराघरातून माणसे धाडू लागला. फान शूचे दोन्ही भाऊ गेले. परत आल्या त्या त्यांच्या नावांच्या दोन लाकडी पट्ट्या. फान शूने भाला लढाईत हरवला असे सांगितले, मला चटईत गुंडाळले आणि नळीवरच्या नावाचा माग काढत लू ज्यानच्या दारात येऊन उभा राहिला. लू ज्यानचा एकुलता मुलगाही त्याच भिंतीवर होता. मंग ताओ मेला तर माणसे सुटतील, अशी त्या दोघांची समजूत झाली. माझीही झाली होती.

लू ज्यानने माझा दांडा काढला, खांद्यावर टोपल्या वाहायची बांबूची कावड घेतली, तिच्या पोकळ टोकात मला बसवला आणि वरून कोणाला दिसू नये म्हणून पात्यावर बांबूचेच टोपण चढवले. शेवटी फान शूने घासायचा दगड उचलला.

“काका, नाव तेवढं घासून टाकू. मी सापडलो तर माझं काय व्हायचं ते होईल, पण हे वाचून तुमच्या दारात येतील.”

“नळी पातळ आहे तिथं. घासलंस तर ऐन वेळी मोडेल,” लू ज्यान म्हणाला. “मोडणारा भाला माझ्या हातून जायचा नाही.”

“ऐका,” सू बाजरीची पेज ढवळत म्हणाली. “मान गेली तरी चालेल, भाला मोडता कामा नये. असला नवरा पदरात पडलाय माझ्या.”

“काकू, मी तो परत आणीन,” फान शू म्हणाला. “काकांच्या हातात देईन. शब्द आहे माझा.”

सूने त्याला पेज वाढली. दगड तसाच बाजूला राहिला.

तिसऱ्या दिवशी फान शू नाशपातीच्या टोपल्या घेऊन मंग ताओच्या अंगणात शिरला. मंग ताओ फळ निवडायला वाकला, तेवढ्यात फान शूने टोपण काढले. मंग ताओ सरळ झाला, आणि त्याच क्षणी मी त्याच्या छातीतून आरपार जाऊन मागच्या खांबात रुतलो. फान शूने मला एकदा ओढले, दोनदा ओढले. बांबू निघून त्याच्या हातात आला. मी निघालो नाही. पहारेकरी धावले, आणि फान शू भिंतीवरून उडी मारून गेला. दुसरा एखादा भाला हाडावर वाकला असता, खांबावर तुटला असता. मला इतका चांगला केला होता, हाच घात झाला.

लोकांनी त्याची गोष्ट केली. तो नऊ हात उंच होता म्हणे, आणि बगळा होऊन उडून गेला. खरे तर तो शेणखताच्या गाडीत दोन दिवस पडून होता.

पहारेकऱ्यांनी मला फडक्यात गुंडाळून लू ज्यानच्या घरी नेले. शिपायाने नळीवरचे नाव मोठ्याने वाचले. लू ज्यानने मला हातात घेतले, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हो, माझाच.” भाला नेणाऱ्याचे नाव मात्र त्याने सांगितले नाही, मारून मारून विचारले तरी नाही. त्याची मान बाजारात उडवली. सूला सरकारी कोठारात जन्मभर धान्य कांडायला धाडले. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा शेजाऱ्यांनाही, या कायद्याप्रमाणे शेजारची चार घरेही गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी तर भालाच.

आणि बाराव्या दिवशी नवा अधिकारी आला. त्याने आणखी दुप्पट माणसे भिंतीवर धाडली. लू ज्यानचा मुलगा परत आलाच नाही.

मी कचेरीच्या फळीवर पुरावा म्हणून धूळ खात राहिलो. पुढे सगळ्या राज्यांचा एकच राजा झाला आणि सगळी हत्यारे वितळवायचा हुकूम निघाला. घंटा करणार आहेत म्हणे. असा मी इथे आलो.

आज सकाळी कोळसा टाकणाऱ्या एका कैद्याने ढिगातून मला उचलले. गालावर कैद्याची खूण गोंदलेली, केस पिकलेले. त्याचे सोबती जेवताना नऊ हात उंच मारेकऱ्याची गोष्ट सांगत होते, आणि हा मान खाली घालून ऐकत होता. नळीवर अंगठा गेला तेव्हा त्याचा हात थांबला. फान शूच होता तो. वेठीच्या कामाला उशिरा आला म्हणून पकडलेला. तो कोण आहे हे इथे कोणालाच ठाऊक नाही.

“काका,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या हातात द्यायचा राहिला.”

मला लपवले तर त्याच्या रांगेतले सगळे मरतील. तेवढे त्याला आता कळते. त्याने मला ढिगाच्या अगदी तळाशी ठेवले, म्हणजे सर्वांत शेवटी माझी पाळी यावी. याहून जास्त त्याला काही करता येण्यासारखे नव्हते. मग मुकादमाने हाक मारली आणि तो कोळसा टाकायला गेला.

मित्रांनो, हत्यारे जपा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मला कोणी जपू नये. पण मारेकऱ्याची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकाल, ती लोक सोडणार नाहीत. त्या गोष्टीत एक नाव नसते. ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेले उरले आहे, आणि ते उद्या दुपारपर्यंतच वाचता येईल. लू ज्यानने केला. एकदा मोठ्याने म्हणा.