दोन बोटांची जागा

“एकशे पंच्याण्णव नकोच, चाचा. मागनं बघितलं तर गाडी उपाशी दिसतीय. दोनशे पाच घाला.”

धैर्यशीलची लाल गाडी उंब्रजच्या सर्व्हिस रोडवर, चांदसाहेबच्या टायरच्या दुकानापुढे जॅकवर उभी होती. गाडी छोटीच, पण इंजिन जोरकस. धैर्यशील फौजेत होता, महिन्याच्या सुट्टीवर आला होता, आणि सुट्टीतले पहिले चार दिवस त्याने बायकोपेक्षा गाडीलाच जास्त दिले होते. पुण्याहून त्याने सोळा इंची अलॉय चाकं आणली होती. त्यांवर टायर कुठले घालायचे, यावर अर्धा तास घोळ चालला होता.

चांदसाहेबला या कामात एकतीस वर्षं झाली होती. टायरच्या अंगावरचा पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा, तिसरा आतल्या चाकाचा. या गाडीचा कंपनीतून आलेला टायर एकशे पंच्याऐंशी रुंदीचा आणि चाक पंधरा इंची. चाक सोळाचं केलं तर टायर बुटका घ्यायचा, म्हणजे सगळं मिळून घेर तेवढाच राहतो. त्याच्या अंदाजाने एकशे पंच्याण्णवचं माप अगदी चपखल बसत होतं.

“ही अलॉय आधीच भायेर आल्याती,” तो म्हणाला. “त्यात टायर रुंद. मडगार्डच्या कडंला लागंल.”

“लागंल म्हणताय, घालून तर बघा की.”

घातले. गाडी जॅकवरून खाली उतरवली. चांदसाहेब मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायर नि मडगार्ड यांच्या फटीत त्याने दोन बोटं घातली. बोटं गेली, पण वरचं बोट कडेला घासत गेलं.

एरवी चांदसाहेब मोठं माप घातलेली गाडी रिकामी कधी सोडायचा नाही. शेजारच्या शालूबाईच्या चहाच्या टपरीवरची चार माणसं उठवायची, गाडीत कोंबायची आणि मग पुन्हा बोटं घालून बघायचं, ही त्याची रीत. माणसं बसली की गाडी दबते आणि खरं काय ते कळतं. गिऱ्हाइकं हसायची, पण टपरीवरच्यांना सवय झाली होती. आप्पासो तर कुबड्या दाराला टेकवून सगळ्यांच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचा आणि म्हणायचा, “चांदभाईचं वजन आलं बघा.” त्याला उजवा पाय नव्हता.

त्या दिवशी नेमका आप्पासो कराडच्या दवाखान्यात गेला होता. टपरीवर चिटपाखरू नव्हतं. वार शुक्रवार, आणि जुम्म्याची अजान होऊन गेलेली.

“माणसं कशाला पायजेत, चाचा? मी एकटाच फिरवतो गाडी,” धैर्यशील म्हणाला.

चांदसाहेबने घड्याळाकडे बघितलं, मग आपल्या काळ्या बोटांकडे. “सावकाश जावा. जुनी चाकं न्यायला उद्या याल, तवा बसवून बघू.”

मशिदीत पहिल्यांदाच त्याचं मन नमाजात लागलं नाही. कपाळ टेकवलं तरी ते घासलेलं बोट आठवत राहिलं.

तो परत आला तेव्हा शालूबाई पातेली घासत होती. सहज बोलावं तसं ती बोलली, “आत्ता धैर्यशील गेला की घरची माणसं घिऊन. संयोगिताला बाळंतपणाला सोडाय. आठवा लागलाय तिला.”

“कुठं सोडाय?”

“म्हायेर न्हाई का तिचं मेढ्याच्या वर, केळघरच्या घाटात. न्ह्याया आलेला तिचा बा केरबा, त्योबी हाय संगं, सासू राहीबाई हाय. डिकीत ज्वारीचं पोतं आन् गुळाच्या ढेपा. गाडी नुसती बसली हुती बघा मागं.”

चांदसाहेबने धैर्यशीलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फोनमधली बाई बोलली की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. घाट, वळणं, मागे दोन बायका आणि पोटातलं पोर. वळणावर गाडी एका अंगाला झुकणार, मडगार्डची कड टायरवर सुरीसारखी फिरणार.

धैर्यशीलची जुनी चार चाकं दुकानात तशीच पडली होती. ती त्याने एकेक करून आपल्या जुन्या व्हॅनमध्ये टाकली. जॅक टाकला, पाना टाकला, आणि शटर अर्धंच ओढून निघाला.

हायवेवर व्हॅन सत्तरच्या पुढे जाईना. नागठाण्याजवळ कडेला माणसांचा घोळका दिसला आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. जवळ गेल्यावर कळलं, उसाच्या ट्रॉलीचं चाक रुतलं होतं. तो मोठ्याने हसला आणि लगेच गप्प झाला. आपण असे का हसलो, त्याचं त्यालाच कळलं नाही.

घोळका त्याने एकदा बघितला होता. एकवीस वर्षांपूर्वी, मसूरच्या रस्त्यावर.

आप्पासो तेव्हा वडाप, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणारी जीप चालवायचा. जीप दिसायला दांडगी हवी म्हणून त्याने मागचे टायर मोठे मागितले आणि चांदसाहेबने घातले. रिकाम्या जीपला सगळं ठीक होतं. तीन आठवड्यांनी भरल्या जीपचा मागचा टायर फुटला, जीप ओढ्यात गेली. माणसं वाचली, कुणाचा हात मोडला, कुणाची बरगडी. आप्पासोचा पाय मांडीपासून गेला. चौदा माणसं भरल्यावर दुसरं काय होणार, असं गाव म्हणालं, पोलीस म्हणाले, आणि दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर आप्पासोही तेच म्हणाला. फक्त चांदसाहेबने तो टायर बघितला होता. एका कडेने तो आतल्या धाग्यापर्यंत सोलून निघाला होता. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं. पहिल्या फेरीपासून टायर घासत होता.

त्याने तो टायर उचलून आणला आणि भंगारात घातला. कुणाला काही बोलला नाही. घरात दोन लहान मुलं होती, स्वतःचं दुकान नवं होतं, आणि तो घाबरला होता. त्यानंतर त्याने माणसं बसवून बघायला सुरुवात केली. आप्पासो दुकानाशेजारी चहाला येऊन बसायला लागला आणि आपण होऊन गाडीत बसायला लागला. ही रीत आपल्या पायावरून पडलीय, हे त्याला माहीत नव्हतं.

साताऱ्यात माणसं पेढे घ्यायला थांबतात, तशी हीही थांबली असतील, असं चांदसाहेब स्वतःला सांगत राहिला. मेढा मागे पडला. घाटाला लागल्यावर तो प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवत होता आणि प्रत्येक वळणानंतर दरीकडे बघत होता. बघायचं नव्हतं, तरी बघत होता.

सातव्या की आठव्या वळणावर लाल गाडी दिसली, आणि गाडीच्या शेजारी माणसं. त्याने मोजली. चार. संयोगिता कठड्यावर बसली होती, हात पोटावर. चांदसाहेबने व्हॅन थांबवली आणि पुन्हा एकदा मोजून तो उतरला.

“आवं चाचा, तुमी हितं कसं?” धैर्यशील पुढे आला. “बरं झालं आलासा. आई मगाधरनं वास येतोय, वास येतोय म्हणतीय. उतरून बघितलं तर कायबी न्हाई. दोन बोटं जात्याती की.”

“म्या म्हटलं रबर जळाल्याचा वास हाय,” राहीबाई म्हणाल्या. “तर ह्यो म्हणतोय, आई, तुझंच वजन लय झालंय.” त्या हसल्या नाहीत. अंगाने जाडच होत्या, आणि घाटात उभ्या राहून त्यांना घाम फुटला होता.

“आक्का, तुमी परत बसा गाडीत. पाव्हणं, तुमीबी,” चांदसाहेब केरबाला म्हणाला. “पोरीला बसू द्या तितंच. धैर्यशील, तुमी तिच्या जागी मागं बसा.”

तिघं बसली. गाडी दबली. चांदसाहेब दरीकडच्या चाकाशी गुडघ्यावर आला आणि त्याने मोबाइलची बॅटरी लावली. दोन बोटं सोडा, नख शिरायला जागा नव्हती. कडेने रबर सोलून निघालं होतं आणि एका जागी पांढरा धागा वर आला होता. घाट अजून निम्मा बाकी होता.

त्याने धैर्यशीलला खाली उतरवून तो धागा दाखवला. पोराचा चेहरा उतरला. सीमेवर राहिलेला माणूस, पण तो आधी कठड्यावर बसलेल्या बायकोकडे बघत राहिला आणि मग रस्त्यातच खाली बसला.

“चूक माझी हाय,” चांदसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माणसं बसवून बघायचं हुतं. मी बघितलं न्हाई. नमाजाची घाई केली.”

“न्हाई चाचा, मीच मागं लागलो हुतो.”

“तुमी मागितलं. घातलं मी.”

राहीबाई गाडीतून उतरल्या. वाकून त्यांनी टायरला हात लावला आणि बोटाला लागलेली काळी भुकटी बघितली. “सांगितलंसा ते लय बरं केलंसा,” त्या म्हणाल्या. “मी मनाला लावून घ्याया लागली हुती. वाटत हुतं, माझ्याच वजनानं झालं समदं.”

चांदसाहेब जॅक आणायला व्हॅनकडे गेला आणि दाराआड थोडा वेळ उभा राहिला. आप्पासो एकवीस वर्षं तेच म्हणत होता, आणि तो एकवीस वर्षं ऐकून घेत होता.

त्याने चारही चाकं बदलली, अलॉय आपल्या व्हॅनमध्ये टाकली. सगळ्यांना बसवून बोटं घातली. जुन्या चाकांना तीन बोटांची जागा होती. गाडी वळणाआड गेली तरी तिचा आवाज येईनासा होईपर्यंत तो रस्त्यातच उभा होता. भीती गेली असं त्याला वाटलं नाही. ती फक्त दुसरीकडे वळली होती.

शनिवारी सकाळी दुकान न उघडता तो आप्पासोच्या घरी गेला. आप्पासो ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होता.

“या चांदभाई. आज वजन घरनंच न्ह्याया आलासा व्हय?”

“आप्पासो, जीपचं सांगायचं हाय.”

“कुठल्या जीपचं?”

“तुमच्या.”

त्याने सगळं सांगितलं. टायर, धागा, भंगार. सांगताना तो शेंगांच्या सुपाकडे बघत होता. आप्पासो मध्ये एकदाच बोलला.

“चौदा माणसं भरली हुती म्या.”

“आठ असती तरी फुटला असता.”

आप्पासोने हातातली शेंग सुपात ठेवली.

“दवाखान्यातनं आल्यावर मी जीपमधल्या एकेकाच्या दारात गेलोय. चौदा घरं. कुबड्या घेऊन. माफी मागितली. दोन घरांनी दार उघडलं न्हाई.” त्याने चांदसाहेबकडे बघितलं. “तुला ठावं हुतं.”

इतक्या वर्षांत आप्पासोने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“व्हय.”

आप्पासोने कुबड्या ओढल्या आणि आत गेला. दार लोटलं.

रविवारी टपरीवरची त्याची खुर्ची रिकामी होती. सोमवारी होती. मंगळवारी शालूबाईने विचारलं, आप्पासो आजारी हाय का. चांदसाहेब म्हणाला, माहीत नाही. त्याला आता गावाची भीती वाटत नव्हती, पोलिसांची नव्हती, धंदा बसेल याचीही नव्हती. ती खुर्ची अशीच रिकामी राहील, एवढीच भीती होती, आणि ती फार मोठी होती.

बुधवारी धैर्यशील आला. दुकानात पडलेली अलॉय त्याला विकायची नव्हती. फौजी माणूस, हौस लगेच मरत नाही. “एकशे पंच्याण्णव घाला, चाचा,” तो म्हणाला. “तुमी सांगाल तसं.”

टायर चढले. गाडी खाली उतरली. आता माणसं बसवायची होती. टपरीवर दोघं-तिघं होते, पण चांदसाहेबला हाक मारवेना. तो पाना हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

तेवढ्यात सर्व्हिस रोडवर कुबड्यांचा आवाज आला.

आप्पासो टपरीवर थांबला नाही. चांदसाहेबकडे त्याने बघितलंही नाही. सरळ गाडीशी आला, कुबड्या दाराला टेकवल्या, हाताने आधार घेत मागच्या सीटवर सरकला आणि पँटची मोकळी घडी मांडीखाली नीट दुमडून घेतली. त्याला बघून टपरीवरची दोघं उठली. शालूबाईने गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत तीही पुढे येऊन बसली. गाडी दबली.

चांदसाहेब चाकाशी बसला. फटीत घातलेली बोटं कुठे अडखळली नाहीत.

“किती?” आतून आप्पासोने विचारलं.

“दोन.”

“नीट बघ.”

चांदसाहेबने बोटं काढली, बाहीला पुसली आणि पुन्हा पहिल्या चाकापासून बघायला सुरुवात केली. चारही चाकं होईपर्यंत आप्पासो गाडीतून उतरला नाही.