मिठाच्या बाईंचे ‘म्हणे’

मित्रांनो, मी एका कबाबच्या दुकानातला जुना लोखंडी चिमटा आहे. लोहाराने एक पट्टी तापवली, ठोकली, मधोमध वाकवली आणि पाण्यात बुडवली. ‘चर्र’ झाले, तोच माझा पहिला आवाज. दुकान सुरू करणारे दोघे सख्खे भाऊ. थोरल्याने मला हातात घेऊन दाबून पाहिले आणि म्हणाला, “हा बरा आहे. हातात बसतो.” तो डावखुरा होता. त्याच्या अंगठ्याने दाबून दाबून माझी एक बाजू जराशी आत वळली, ती कायमची.

निखारे सारायचे आणि सळईवरचा कबाब धरून ताटलीत उतरवायचा, हे माझे काम. पण मला खरी हौस गिऱ्हाइके पाहण्याची! कबाब सगळ्यांना सारखाच, खाणारा मात्र प्रत्येक जण निराळा. कुणी पहिल्या घासाला डोळे मिटतो. कुणाला फुंकर मारायचाही धीर नसतो. जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येते, तरी तो “छान, छान” म्हणत राहतो. शेजारच्या दुकानातले न्हावीकाका आधी सगळा कांदा संपवतात आणि मग कबाबाकडे वळतात. असे का, ते मला अजूनही उमगलेले नाही.

थोरल्याला घाई खपत नसे. एका संध्याकाळी गर्दीत एक गृहस्थ “लवकर द्या, लवकर द्या” करत काउंटर बडवू लागले. थोरला म्हणाला, “मी कच्चं देत नाही. थांबायचं नसेल तर वाट मोकळी आहे.” गृहस्थ तणतणत निघून गेले. तेव्हा धाकटा सगळ्यांदेखत ओरडला, “दादा, तू गिऱ्हाईक पळवतोस! तुझ्या पायी एक दिवस दुकानाला टाळं लागेल.”

थोरल्याने मला काउंटरवर ठेवले. आपटले नाही, हळूच ठेवले. आणि तो गेला, तो गावही सोडून गेला. पुढे दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

वर्षे सरली. धाकट्याचे केस पिकले. मग एक बाई रोज संध्याकाळी येऊ लागल्या. एक कबाब बांधून घ्यायच्या आणि जायच्या. इथे कधी खायच्या नाहीत. एके दिवशी त्या संकोचून म्हणाल्या, “काल मीठ कमी होतं म्हणे.”

धाकटा चिडला. “बाई, इतकी माणसं बोटं चाटत गेली. कुणाला कमी नाही लागलं!”

तेव्हापासून सगळे त्यांना ‘मिठाची बाई’ म्हणू लागले. पण त्या येतच राहिल्या. काही दिवसांनी म्हणाल्या, “काल कोळसा सर्द होता म्हणे.” धाकट्याने कोळशाचे पोते चाचपून पाहिले. कोळसा खरोखरच सर्द होता. पण नुसता कबाब खाऊन हे कुणाला कळावे? मी अगदी चक्रावून गेलो. कुणी म्हणाले, बाईंची सासू खाष्ट असेल. कुणी म्हणाले, पलीकडच्या गल्लीत नवे दुकान निघणार असेल. न्हावीकाका मात्र कांदा चावत म्हणाले, “अहो, बाई स्वतः काहीच बोलत नाहीत. प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’चं शेपूट आहे. हे म्हणतंय कोण, ते विचारा की!”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि म्हणाल्या, “काल सळई नीट फिरवली नाही म्हणे. गर्दी झाली की तुमचा हात पळतो म्हणे.”

धाकट्याच्या हातातून मी खण्णकन खाली पडलो.

“कोण म्हणतं हे?”

“नाव सांगू नकोस म्हणून बजावलंय मला.”

“डावखुरे आहेत का ते?”

बाईंनी मान खाली घातली. “सासरे माझे. यांची बदली झाली, म्हणून आम्ही नुकतेच इकडे आलो. त्यांना अंथरुणातून उठता येत नाही आता. रोज कबाबला नावं ठेवतात, काका, आणि रोज मागवतात. शेवटचा तुकडा तर कुणाला देत नाहीत.”

धाकट्याने मला उचलले. लहान शेगडी घेतली, सळया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. बाकावर ताटकळणारी माणसे बघतच राहिली. “अहो, आणि आमचं काय?” एकाने विचारले. न्हावीकाका म्हणाले, “बसा जरा. आज दुकान गिऱ्हाइकाकडे चाललंय.”

दादाची खाट खिडकीशी होती. मी त्याला ओळखलेच नाही. किती वाळला होता! दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. धाकटा बाहेरच्या ओट्यावर शेगडी पेटवू लागला, तसा खिडकीतून आवाज आला, “वारा तिकडून आहे. शेगडी वळव.”

धाकट्याने निमूटपणे शेगडी वळवली. सळई हळूहळू फिरवली, न कंटाळता. कबाब मीच ताटलीत उतरवला. दादाने एक घास घेतला. सूनबाईंनी पदर तोंडाशी धरला. मी तर श्वासच रोखला असता, पण तो मला नाही.

“मीठ?” धाकट्याने विचारले.

दादा बराच वेळ चावत राहिला. “जास्त झालंय.”

“मग उद्या कमी घालतो.”

“उद्या मला तिकडेच घेऊन चल,” दादा म्हणाला. “इथून ओरडलं तर तुला ऐकू येत नाही.” आणि मग धाकटा हसता हसता रडू लागला.

आता दादाला रोज उचलून आणतात; त्याची खुर्ची काउंटरशेजारी असते. दोघे दिवसभर भांडतात आणि गिऱ्हाइके चवीने ऐकतात. माझी पकड सैल झाली आहे. उद्या माझ्या जागी नवा चिमटा येईल, त्याचे मला दुःख नाही. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या कामाला कुणी रोज नावे ठेवत असेल, तर त्याच्यावर डाफरण्याआधी त्याची विचारपूस करा. ज्याला आपले काहीच वाटत नाही, तो तक्रार करत बसत नाही; तो गुपचूप दुसऱ्या दुकानात जातो.