चंद्रभानजींचा अभिप्राय

“आला काय?” चंद्रभानजींनी बैठकीतून विचारलं.

“नाई,” स्वयंपाकघरातून आनंदाबाई म्हणाल्या.

“आता?”

“अवो, भाजी बुडाले लागून राह्यली माही. मेल पाहू का भाजी पाहू?”

“मेल पाहा. भाजी रोजच असते.”

मेल बऱ्याच वेळानं सापडला. तपासायला घेतलेल्या हिरव्या ॲपनं तो जाहिरातींच्या खणात टाकला होता, एक गादीवाला आणि एक कर्ज देणारा यांच्या मधोमध. नवऱ्याकडून बायकोला आलेला आयुष्यातला पहिला मेल, आणि त्यात ‘टेस्ट’ एवढंच लिहिलेलं. त्यामुळे ॲपचं फार चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

“हिरवं घरापुरतं ठीक,” चंद्रभानजी स्वतःशी म्हणाले आणि कागदावर तसं लिहिलं.

वर्ध्यात हिरालाल शेठचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. चंद्रभानजी तिथे फॅक्स होता तेव्हापासून आहेत. दुकानाचा मेलचा पत्ता एकच आणि तो उघडणारा माणूसही एकच. सकाळी चंद्रभानजी सगळे मेल वाचत आणि मग ज्याचा त्याला तोंडी सांगत. कंपनीचे मेल इंग्रजीत आणि भलतेच तापट असत. ‘आम्ही अत्यंत निराश झालो आहोत’ याचं चंद्रभानजींच्या तोंडून ‘कंपनीवाले थोडे नाराज दिसते’ एवढंच व्हायचं. विक्री पाहणाऱ्या रुपेशला टार्गेटचा मेल ते त्याचा डबा संपल्याशिवाय सांगत नसत. आणि शेठजींचा सकाळचा चहा झाला, की गादीवरून हाक यायची, “चंद्रभानजी, काय आलं आज?” मग ते शेजारी स्टुलावर बसून आधी बरं ते सांगत, नंतर बाकीचं.

ही पद्धत उत्तम चालली होती. फक्त चंद्रभानजींनी आजारी पडायचं नाही आणि त्यांच्या घरात लग्न निघायचं नाही, एवढीच अट होती. या उन्हाळ्यात हिंगणीला पुतणीचं लग्न निघालं. ते परत येईपर्यंत कंपनीची एक स्कीम येऊन संपूनही गेली.

“बाबूजी, आता ॲप पायजेच,” शेठजींचा मुलगा धीरज म्हणाला. “सगळ्यायच्या फोनमध्ये.”

“चंद्रभानजीले विचार,” शेठजी म्हणाले. “मेलमधलं त्यायले समजते.”

इतक्या वर्षांत चंद्रभानजींना दुकानात पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. विचारलं कुणी नव्हतं. धीरजनं तीन ॲपं फोनमध्ये टाकून दिली आणि म्हणाला, “पाहा काका, घरी वापरून. तुमचा अभिप्राय लिहून द्या.” अभिप्राय हा शब्द चंद्रभानजींनी घरी जाऊन दोनदा उच्चारला. आनंदाबाईंच्या फोनवरही तीच ॲपं आली, त्यांच्या नावाचा पत्ता उघडला गेला आणि तपासणी सुरू झाली.

नारिंगी ॲपमध्ये कॅलेंडर होतं, मीटिंगा होत्या, सणांची सुट्टीही दिसायची. पण ते उघडेपर्यंत फोन तापायचा, आणि अर्धे मेल ‘इतर’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसायचे. तिथे ते का बसले हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याला चालवायला एक माणूस लागलाच असता.

जांभळं वेगळं होतं. एकाच पत्त्यावर आलेला मेल सगळ्यांना दिसायचा. बोट दाबलं की तो ज्याचा त्याच्या नावावर जायचा. कोण उत्तर लिहितंय हे बाकीच्यांना कळायचं, म्हणजे एका गिऱ्हाइकाला दोघांकडून दोन भाव जायला नको. आणि एखादा मेल आत्ता नको असेल तर त्याला जेवणानंतर ये म्हणून सांगता येत होतं. तो येतही होता.

आनंदाबाईंनी कणकेचा हात पुसून पाहिलं. मग म्हणाल्या, “हे तं तुमचंच काम करून राह्यलं.”

“हाव. चांगलं करते.”

“मंग नारिंगी लिहा.”

“जांभळं चांगलं असल्यावर नारिंगी कसं लिहू?”

“हातानं. पेन हाये ना तुमच्याजवळ.”

“त्यायनं मले इचारलं, आनंदा.”

“म्हणून तं म्हणून राह्यली. दुसऱ्याले इचारलं असतं तं आपल्या हातात काय होतं? उद्या खुर्ची राह्यली नाई तं अभिप्राय घेऊन बसजा घरी.”

चंद्रभानजींनी जांभळंच लिहिलं, चांगली दोन पानं लिहिली. खाली ज्यांना ॲप द्यायचं त्यांची नावं दिली: शेठजी, धीरज, रुपेश, हिशेब पाहणारी हर्षा आणि दुरुस्तीचा मुकेश. स्वतःचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आपलं नाव आपण कसं लिहायचं? पंगतीत माणूस बुंदी नको म्हणून पानावर हात आडवा धरतो, तो वाढणाऱ्यानं हात बाजूला सारावा म्हणूनच. या भागात हे लहान पोरालाही कळतं.

धीरजनं कागद उभ्या उभ्या वाचला. “एक नंबर, काका. एवढं तं कंपनीचा माणूस नाई सांगत.” मग खालची नावं पाहिली. “तुमचं नाई टाकलं?”

“असू दे ना. पाच जणांचा पॅक आहे. सहाव्याचे वेगळे पैसे लागते.”

धीरजनं नावं बोटानं मोजली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

चंद्रभानजींचा हात पानावर आडवा तो आडवाच राहिला. धीरजच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या लग्नात बुफे होता.

सोमवारी ॲप सुरू झालं. दहाच्या सुमारास पाच खिशांत पाच फोन वाजले. रुपेशनं फोन पाहिला, खिशात कोंबला आणि तो गोडाऊनकडे निघून गेला. टार्गेटचं असेल, चंद्रभानजींच्या मनात आलं. किती कमी पडलं असेल, याचाही त्यांना अंदाज होता. पण तो मेल आता रुपेशचा होता. हर्षा फोनकडे बघून हसली. ते कशाचं, हे मात्र त्यांना काही केल्या कळेना. जुना पत्ता त्यांच्याकडेच ठेवला होता. त्यावर आलेलं सगळं आपोआप पुढे जांभळ्यात जात होतं. त्यांनी तो उघडला, तर पडद्यावर झाडाखाली झोपलेल्या माणसाचं चित्र आलं आणि खाली ओळ: सगळं वाचून झालं, आता निवांत राहा. सकाळचे सव्वादहा वाजले होते. चंद्रभानजींनी टेबल पुसलं. मग टेबलाचे पाय पुसले.

मंगळवारी शेठजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि गादीवरून हाक मारली, “चंद्रभानजी, काय आलं आज?”

चंद्रभानजी उठले. खुर्ची मागे सरकवून दोन पावलं पुढेही गेले.

“बाबूजी, तुमच्याच फोनमध्ये आहे आता,” धीरज काउंटरवरून म्हणाला. “जांभळं दाबा.”

“अरे हाव,” शेठजी म्हणाले. त्यांनी फोन हात लांब करून धरला, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली घेतला आणि जांभळं शोधायला लागले.

चंद्रभानजी गादी आणि टेबल यांच्या मधोमध उभे होते. उठलेल्या माणसाला लगेच परत बसता येत नाही. ते कूलरकडे गेले आणि ग्लासभर पाणी घेऊन प्यायले. तहान नव्हती, तरी संपवलं. मग ग्लास विसळून पालथा घातला, आणि बाजूला बाकीच्यांचे उष्टे ग्लास होते तेही एकेक विसळायला घेतले.